मदत कोणत्या दाराने येते?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये निवडणुकीचा विषय निघाला की एक सूत्र हमखास ऐकायला मिळतं. खिसा रिकामा झाला की माणूस सरकार बदलतो. आम्हा इंजिनिअर लोकांना हे सूत्र आवडतं, कारण एका बाजूला इनपुट, दुसऱ्या बाजूला आउटपुट आणि मध्ये फार काही नाही. पुरावेही आहेत. १९९८ मध्ये कांदा महागला आणि दिल्लीतलं भाजपचं सरकार गेलं, ही गोष्ट टेबलावरच्या प्रत्येकाला पाठ असते.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्याकडे हे सूत्र लावून बघितलं की ते अडकतं. एकदा नाही, वारंवार अडकतं. म्हणून गेले काही महिने सुट्टीच्या दिवशी सातारा-सांगलीच्या निवडणुकांचा इतिहास वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी १९७२ घ्या. त्या वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. त्यानंतर पावसाने दगा दिला. काही भागांत तर तो आधीपासूनच दगा देत होता. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. माझी आजी त्यांतली एक. खडी फोडणं, पाझर तलावाच्या भरावावर माती टाकणं, अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या लालसर भाकरी खाणं, लेकरांसाठी सुकडी आणणं. 'बहात्तर' हा शब्द आमच्याकडे नुसता आकडा नाही, ते एक वय आहे. गावातल्या म्हाताऱ्यांची जन्मसालं अजूनही 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरच्या नंतर' अशी सांगितली जातात.

सूत्राप्रमाणे पुढच्या संधीला या माणसांनी काँग्रेसला घरी पाठवायला हवं होतं. ती संधी १९७७ ला आली, तीही आणीबाणीनंतर. देशभर काँग्रेस आडवी झाली, लोकसभेत १५४ वर आली. महाराष्ट्रातही तिला ४८ पैकी २० जागाच मिळाल्या. त्या २० मध्ये सातारा होता आणि सांगलीही होती. साताऱ्यातून यशवंतराव चव्हाण निवडून आले, सांगलीतून गणपती गोटखिंडे.

आता १९९५ बघा. बहात्तरसारखा दुष्काळ त्या वर्षी नव्हता. घरात खायला होतं, पोरं शाळेत जात होती, गलाईवाल्यांच्या घरांवर स्लॅब पडत होते. आणि नेमक्या त्या वर्षी सांगलीच्या कोरड्या तालुक्यांनी काँग्रेसचे उमेदवार पाडले.

भुकेच्या वेळी न हललेलं मत पोट भरल्यावर हललं, असं का? 'यशवंतराव साताऱ्याचेच होते' हे १९७७ चं एक उत्तर आहे आणि ते खोटं नाही. पण ते पुरत नाही, कारण सांगलीतून काही यशवंतराव उभे नव्हते. मला वाटतं, मध्ये जे काही नाही असं आपण धरतो, तिथेच खरी गोष्ट आहे. माणूस अडचणीत आला की तो आधी मदतीचं दार शोधतो. सरकार बरं की वाईट हे त्याच्या मागून येतं. दार कोणतं, आणि किल्ली कुणाच्या कमरेला आहे, यावर मत ठरतं. दुसरं दार उघडेपर्यंत तो पहिल्याशी भांडतो, शिव्या देतो, पण ते सोडत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात ते दार सरकारचंच होतं आणि ते उघडं होतं. दुष्काळी कामावरची मजुरी तुटपुंजी होती, मुकादम हजेरीत मारायचा, तरी शनिवारी हातात रोकड पडायची. यामागची कल्पना आमच्याच जिल्ह्यातली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम द्यायचं, ही योजना १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रायोगिक पातळीवर करून बघितली होती. दुष्काळानंतर तिचा कायदा झाला, तो १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला आणि पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याला तोच नमुना मिळाला. तुमची पहिली नोकरी महाराष्ट्रात असेल तर पगाराची स्लिप उघडून बघा. 'पी.टी.' म्हणून दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील. तो व्यवसाय कर १९७५ चा, आणि तो लावला गेला रोजगार हमीला पैसा हवा म्हणून. शहरात पगार घेणाऱ्याने गावात खडी फोडणाऱ्याची मजुरी द्यायची, असा तो हिशेब. मी पाच वर्षं ती ओळ नुसती बघत होतो.

शॉन कोल, अँड्र्यू हीली आणि एरिक वर्कर या तिघांचा २०१२ चा एक अभ्यास आहे. भारतातल्या विधानसभा निवडणुका आणि पावसाची आकडेवारी त्यांनी एकत्र लावली. पाऊस बिघडला की मतदार सत्ताधाऱ्याला शिक्षा करतो, पण सरकार मदतीला जोरात धावलं तर शिक्षा कमी होते, असं त्यात दिसलं. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, 'यात शोधून काय काढलं?'

पण दाराची ही गोष्ट बहात्तरला सुरू होत नाही. ती कळायला निदान १९३७ पर्यंत मागे जावं लागतं, कारण तेव्हा मत कुणाला असावं हेच मुळात पैशावर ठरत होतं.

१९१९ च्या सुधारणांनी मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागात मत दिलं ते साधारणपणे वर्षाला निदान ३२ रुपये शेतसारा असलेल्या जमीनधारकाला. ३२ रुपये सारा म्हणजे चांगली खातेपिती जमीन. साताऱ्याच्या बहुतेक कुणब्यांना निवडणूक म्हणजे वाड्यावरची गडबड, एवढंच ठाऊक असणार. या मतदारांच्या जोरावर १९२० च्या दशकात साताऱ्यात ब्राह्मणेतर पक्षाचा वरचष्मा होता. भास्करराव जाधव मुंबई सरकारात मंत्री झाले ते याच प्रवाहातून. काँग्रेस तेव्हा इथल्या शेतकऱ्याला शहरातल्या वकिलांचा पक्ष वाटायची, आणि सावकारही त्याच आळीतला, म्हणून भरवसा नव्हता. सावकारीचं दुखणं इथे जुनं. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा ज्या चार जिल्ह्यांसाठी झाला त्यांत पुणे, नगर, सोलापूर यांच्याबरोबर सातारा होता.

मग १९२९ नंतरची जागतिक मंदी आली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा आणि कराडच्या गुळाचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की दोनतीन वर्षांत शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास आले आणि सारा मात्र रोख रुपयांत ठरलेला, तो तसाच राहिला. सावकाराचं व्याजही तसंच. काल एक गाडी गूळ विकून जे देणं फिटायचं त्याला आता दोन गाड्या लागू लागल्या. शेतकऱ्याने काहीही चूक न करता त्याचं कर्ज दुप्पट झालं. याच काळात, १९३० ला, शिराळ्याजवळ बिळाशीचा जंगल सत्याग्रह झाला. खेड्यातला माणूस काँग्रेसच्या झेंड्याखाली मोठ्या संख्येने पहिल्यांदा दिसला तो अशा ठिकाणी.

दुसरी घडामोड कायद्याच्या कागदावर झाली आणि मला ती मंदीइतकीच महत्त्वाची वाटते. १९३५ च्या कायद्याने साऱ्याची अट ३२ वरून ८ रुपयांवर आली. म्हणजे ज्याचं कंबरडं मोडलं होतं तोच माणूस पहिल्यांदा मतदार झाला. सगळे नाहीत, शेतमजूर बाहेरच राहिले. संस्थानांतली गावंही बाहेर. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात, जतला वेगळा राजा, सांगली-मिरजेला पटवर्धन. आजच्या सांगली जिल्ह्याचा नकाशा हातात घेऊन १९३७ ची निवडणूक वाचायला गेलात तर गोंधळ होईल. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं.

तरी हा नवा मतदार आपोआप काँग्रेसकडे गेला नसता. तिचे उमेदवार पुन्हा तेच वकील असते तर काय झालं असतं कोण जाणे. यशवंतराव चव्हाण तेव्हा २३ वर्षांचे होते, म्हणजे माझ्या टीममधल्या सगळ्यात नवीन पोराएवढे. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी आग्रह धरला, की साताऱ्यातून एक तरी उमेदवार शेतकऱ्याघरचा, तुरुंगात जाऊन आलेला तरुण हवा. नाव होतं बोरगावचे आत्माराम बापू पाटील. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात यशवंतरावांनी ही हकिकत लिहिली आहे. तिकीट मिळालं, आत्माराम बापू निवडून आले. समोर होते साताऱ्याचे धनजीशा कूपर, उद्योजक, सरकारात वजन असलेले. गंमत म्हणजे इलाख्यात १७५ पैकी ८६ जागा जिंकूनही काँग्रेसने सुरुवातीला मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा गव्हर्नरने याच कूपरना बोलावलं. मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान साताऱ्याचे होते, एप्रिल ते जुलै, चार महिन्यांपुरते. मग बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि त्याने लहान शेतकऱ्यांना संरक्षण, कूळकायदा, कर्जनिवारण असे कायदे १९३८-३९ मध्ये केले.

मंदीने ब्राह्मणेतर पक्षाचा पाया खचवला हे खरं. पण मत फिरलं ते काँग्रेसच्या दारात आपल्यातला माणूस उभा दिसल्यावर.

पुढची वीस वर्षं मी भरभर ओलांडतो. १९४३ ते ४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, सावकार-गुंडांना धडा शिकवला, कमी खर्चाची लग्नं लावली. त्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून रंगवून सांगतात. १९५७ मध्ये तेच नाना पाटील कम्युनिस्ट म्हणून साताऱ्यातून लोकसभेवर गेले आणि खुद्द मुख्यमंत्री असलेले यशवंतराव कराडमधून थोडक्यात वाचले. पण ती निवडणूक पोटाची नव्हती, संयुक्त महाराष्ट्राची होती. तिला ओढूनताणून आर्थिक ठरवण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न त्यानंतरचा. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात मार खाल्लेली काँग्रेस १९६२ ला २६४ पैकी २१५ जागा घेऊन परत आली. राज्य मिळालं म्हणून राग ओसरला, हे झालंच. शेतकरी कामगार पक्षातले यशवंतराव मोहित्यांसारखे लोक काँग्रेसमध्ये आले, हेही झालं. पण ती पकड पुढची तीस वर्षं टिकली ती कशावर? कारखान्यावर.

शहरात वाढलेल्या वाचकासाठी हे जरा सावकाश सांगतो, कारण साखर कारखाना म्हणजे साखर बनवायची जागा, असा समज असतो. ऊस हे वर्ष-दीड वर्षाचं पीक. एकदा तोडला की तो घरात ठेवून भाव चढायची वाट बघता येत नाही. दिवसागणिक वजन घटतं, साखर घटते. सोयाबीन पोत्यात थांबतं, हळद पेवात थांबायची, ऊस थांबत नाही. त्यामुळे उसाची नोंद कधी लागली, तोडीची चिठ्ठी कधी आली, टोळी कुणाच्या फडात आधी गेली, यावर घराचं वर्ष ठरतं. जानेवारीत तोड आली तर पोरीचं लग्न त्याच उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये आली तर उसाला तुरे आलेले, वजन घटलेलं, पाणी संपलेलं. तोडीचा कार्यक्रम बनतो कारखान्यात. सोसायटीचं पीककर्ज वसूल होतं उसाच्या बिलातून. पोराला नोकरी लागते कारखान्यात, नाहीतर कारखान्याच्या कॉलेजात. दूध संघ, पतसंस्था, बझार, सगळ्यांची दारं एकाच अंगणात उघडतात.

रेठरे बुद्रुकचा कृष्णा, कराडचा सह्याद्री, सांगलीचा वसंतदादांचा, साखराळ्याचा राजारामबापूंचा. १९४२ च्या लढ्यातली, तुरुंग फोडलेली माणसंच पुढे चेअरमन झाली. वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींनी डाव्या विचारांचा हुतात्मा कारखाना काढला, म्हणजे काँग्रेसशी भांडायचं तर त्यांनाही आधी एक दार बांधावं लागलं. त्या काळी हे दार काही वाईट नव्हतं, हे मी मुद्दाम लिहितोय. पुण्यात बसून 'साखरसम्राट' म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. सावकाराच्या ओट्यापेक्षा कारखान्याचं गेट शेकडो पटींनी बरं होतं. तिथे तुम्ही सभासद होता, वार्षिक सभेत उठून बोलू शकत होता, निदान तत्त्वतः.

सांगली लोकसभा १९६२ पासून २०१४ पर्यंत एकदाही काँग्रेसच्या हातून गेली नाही. याला कुणी विचारसरणी म्हणेल, कुणी घराणेशाही. मला ते तोडीचं वेळापत्रक वाटतं.

हेच वेळापत्रक एक गुंताही सोडवतं. २००९ मध्ये हातकणंगले लोकसभेला राजू शेट्टी निवडून आले. हा माणूस उसाच्या दरासाठी कारखाने बंद पाडायचा, चेअरमन लोकांना जाहीर सभेत झोडायचा. इस्लामपूर आणि शिराळा याच लोकसभा मतदारसंघात येतात. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, इस्लामपूरने विधानसभेला पुन्हा जयंत पाटलांनाच निवडलं, राजारामबापूंच्या मुलाला. टीव्हीवरचे लोक म्हणाले, मतदार गोंधळलेला आहे. तसं काही नव्हतं. दर वाढवून आणायला एक माणूस, आणि ऊस वेळेवर तोडून न्यायला दुसरा. दोन कामं, दोन निवडणुका, दोन माणसं.

आता आमच्या बाजूला येतो. हे सगळं अंगण बागायती पट्ट्यातलं, कृष्णाकाठचं. जिथे ऊसच नाही तिथे कारखान्याचं गेट कुठून येणार? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभर-दोनशे किलोमीटरवर माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये पाचशेलाही महाग. या तालुक्यांचं दार गावाबाहेर होतं. एक मुंबईच्या गिरणीचं, एक माथाडीचं आणि एक गलाईचं. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. विटा-आटपाडीकडची माणसं मुशी आणि भाता घेऊन केरळपासून आसामपर्यंत पोचली. माझे एक चुलतआजोबा आयुष्यभर मद्रासला राहिले आणि गावात फक्त दिवाळीला आणि मतदानाला यायचे. अशा घराचं निम्मं पोट पुढाऱ्यावर अवलंबून नसतं, त्यामुळे त्याचं मत थोडं सुटं असतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी सातारा-सांगलीच्या गावांत परत आले. मनीऑर्डर थांबली. आलेले लोक युनियन पाहिलेले होते, घोषणा द्यायला आणि प्रश्न विचारायला सरावलेले. खानापूर तालुक्यात त्यांनी आणि इथल्या तरुणांनी डॉ. भारत पाटणकरांबरोबर दुष्काळ निर्मूलनाचं काम सुरू केलं. नुसती खडी फोडून दुष्काळ जात नाही, कायमचं पाणी द्या, ही मागणी तिथली. येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी वर्गणी आणि वाळूविक्रीच्या पैशातून बळीराजा बंधारा बांधला. बहात्तरचा माणूस काम मागत होता. त्याचा मुलगा आता पाणी मागत होता, आणि ते सगळ्यांना सारखं, भूमिहीनालासुद्धा, म्हणून मागत होता.

१९९३ पासून आटपाडीला नागनाथअण्णांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या. माणसं बैलगाडीने, टेम्पोने, चालत यायची. तिथे सांगितला जाणारा हिशेब साधा होता. बच्छावत लवादाने कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलेलं, आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. तोपर्यंत आपण ते पाणी अडवलं नाही, तर पुढे हक्क सांगणार कशाच्या जोरावर? ही तारीख गावातल्या अडाणी म्हाताऱ्यांनाही पाठ झाली होती. माझ्या माहितीत लवादाच्या निकालातली तारीख पारावर चर्चेला आल्याचं दुसरं उदाहरण नाही.

म्हणून १९९५. विधानसभेत शिवसेनेला ७३, भाजपला ६५, काँग्रेसला ८० जागा मिळाल्या आणि ४५ अपक्ष निवडून आले. त्यांत कवठेमहांकाळचे अजितराव घोरपडे, खानापूर-आटपाडीचे राजेंद्रअण्णा देशमुख, भिलवडी-वांगीचे संपतराव देशमुख होते. युतीला बहुमताला अपक्ष हवे होते आणि अपक्षांना पाणी हवं होतं. दुष्काळी तालुक्याची किंमत मुंबईत इतकी याआधी कधीच वाढली नव्हती. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, लोकांकडून रोखे काढून पैसा उभा राहिला आणि कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने दुष्काळी माळावर नेणारी योजना मार्गी लागली. त्याच वर्षी लोकसभेला साताऱ्यातून शिवसेनेचे हिंदुराव नाईक निंबाळकर निवडून आले. यशवंतरावांच्या साताऱ्यातून शिवसेना! काँग्रेसवाल्यांना हे बराच काळ पचलं नाही.

मतदार हिंदुत्वाकडे वळला, असं तेव्हा बरेच जण लिहीत होते. थोडाफार वळलाही असेल. पण आमच्या तालुक्याचं पुढचं वागणं बघा. पाणी यायला पंधरा-वीस वर्षं गेली, आणि या काळात खानापूर-आटपाडीने पक्ष किती बदलले याची मोजदाद ठेवणं अवघड आहे. अनिल बाबर आधी काँग्रेसचे आमदार होते, मग राष्ट्रवादीचे, मग शिवसेनेचे. लोक त्यांना पक्षाच्या नावाने ओळखतच नव्हते, टेंभूच्या नावाने ओळखायचे. ते गेल्यावर २०२४ मध्ये त्यांचा मुलगा शिंदेंच्या शिवसेनेकडून निवडून आला.

आणि पाणी आल्यावर आमच्या माळावर काय लावलं गेलं? आधी डाळिंब-द्राक्षं होतीच, पण पाटाला पाणी दिसताच ऊस. समन्यायी वाटपासाठी भांडलेल्या तालुक्यात आता तोडीच्या चिठ्ठीची वाट बघणारी घरं झाली आहेत. याचं दुःख करावं की आनंद मानावा, मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरचाही दीड एकर ऊस आहे.

मग २०२४. जूनमध्ये लागलेल्या लोकसभा निकालात महाराष्ट्राच्या ४८ पैकी महाविकास आघाडीला ३० जागा आणि महायुतीला १७. उरलेली एक सांगलीची, तिथे वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष निवडून आले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला चित्र एकदम उलटं. महायुती २८८ पैकी २३० च्या घरात, आणि सातारा जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा तिच्याकडे. पाच महिन्यांत शेतकऱ्याचा खिसा तर बदलला नव्हता. मधल्या काळात घडलेल्या गोष्टी अनेक आहेत, आणि एका कारणावर सगळं टांगणाऱ्याकडे मी संशयानेच बघतो. पण त्यातली एक गोष्ट म्हणजे जुलैपासून लागू झालेले महिन्याचे १५०० रुपये.

गावातल्या आमच्या काकीचा फॉर्म मी पुण्यातून भरला. ती फोनवर ओटीपी एकेक आकडा करून सांगत होती, मध्येच म्हशीवर ओरडत होती. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. "आलं बघ रं पैसं. कुनाच्या दारात जावं लागलं न्हाई." १५०० रुपयांत आजकाल काय होतं, असं मी म्हणणार होतो, पण शेवटच्या वाक्यावर अडकलो. साठीला आलेल्या या बाईच्या आयुष्यात सोसायटी काकांच्या नावावर, ऊस काकांच्या नावावर, कारखान्याचा शेअर सासऱ्याच्या नावावरून काकांच्या नावावर. तिच्या स्वतःच्या नावाने, मध्ये कुणी न उभं राहता, आलेला हा पहिला पैसा. आम्ही डेटाबेसवाले ज्याला थेट हस्तांतरण म्हणतो, ते तिच्या बाजूने असं दिसतं.

म्हणजे कारखान्याचं गेट आता ओस पडणार का? कराड दक्षिणमध्ये पृथ्वीराज चव्हाणांना हरवणारे अतुल भोसले हे कृष्णा कारखान्याच्याच घरातले, फक्त चिन्ह कमळ. तिथे गेट शाबूत आहे, वरची पाटी बदलली. कराड उत्तरची गोष्ट त्याहून बोलकी आहे. बाळासाहेब पाटील सह्याद्री कारखान्याचे चेअरमन, १९९९ पासून सलग पाच वेळा आमदार. त्यांतल्या २००९ ला तर ते अपक्ष उभे राहून जिंकले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते भाजपच्या मनोज घोरपडेंकडून मोठ्या फरकाने हरले. आणि एप्रिल २०२५ मध्ये, पाच महिन्यांनी, सह्याद्री कारखान्याची निवडणूक झाली. घोरपडे गट विरोधात उतरला. बाळासाहेबांच्या पॅनेलने सत्ता राखली.

माणूस तोच, परिसर बराचसा तोच, पीक तेच, दरही तोच. फरक मतदारयादीचा होता. विधानसभेला १८ वर्षांवरचा प्रत्येक जण, त्यात काकीसारख्या बायका, ऊसतोड करणारे, कराडच्या एमआयडीसीत बारा तास उभी राहणारी पोरं. कारखान्याला फक्त ऊस घालणारा सभासद, ज्याच्या नावावर शेअर आहे तो, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो.